ठासणीची बंदूक आणि शस्त्र कायद्याची भाषा

शस्त्र कायद्याविषयी मराठीत जे छापले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक तर गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या. नाही तर इंग्रजांनी देश निःशस्त्र केला ही इतिहासाच्या पुस्तकातली तक्रार. या दोहोंच्या मध्ये १९५९ चा एक कायदा उभा आहे. तो कलमाकलमाने, भाषेकडे लक्ष देऊन वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. कोकणातल्या ज्या शेतकऱ्याच्या घरी ठासणीची बंदूक आणि शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, तो या न वाचण्याची किंमत मोजतो. मी वकील नाही. पण कायदा ही शेवटी एक संहिता आहे, आणि संहितेची समीक्षा करायला सनद लागत नाही.

वारसा

१८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही आला. वृत्तपत्रांचा कायदा रिपनने १८८२ मध्ये रद्द केला, शस्त्रांचा मात्र राहिला. युरोपियनांना त्यातून सूट होती. एतद्देशीयाला परवाना मागावा लागे. खरे शल्य या भेदाचे होते. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्यावर ठराव केला. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजीही त्याला इंग्रजी राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणत. १९३० मध्ये आयर्विनपुढे त्यांनी ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने, लोकांच्या नियंत्रणाखाली, ही एक मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीतही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता.

डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी कराचीचा तोच धागा धरून घटना समितीत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा ते बाळगण्याच्या कर्तव्यावर आग्रह हवा, आणि सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख आला तो शांततेने आणि ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यापुरता. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नावर बोलताना सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले, की अमेरिकेप्रमाणे आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही.

ही भूमिका मला पटते. मात्र तिच्यावरून एक चुकीचा निष्कर्ष रूढ झाला आहे. मूलभूत हक्क नाही, म्हणजे अर्जदाराला काहीच हक्क नाही, परवाना ही साहेबाची मर्जी, असे सर्रास मानले जाते. कायद्याची भाषा तसे म्हणत नाही.

तेरावे आणि चौदावे कलम

१९५९ चा कायदा अंमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. जुना कायदा साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, अशी कबुली नव्याच्या उद्देशपत्रिकेतच आहे. त्याच्या १३ व्या कलमात दोन वेगळी क्रियापदे वावरतात. वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा खेळासाठी, किंवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितली, तर प्राधिकारी परवाना ‘देईल’. ठासणीची पुरेशी नाही अशी त्याची खात्री झाली, तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. सर्वसाधारणपणे इतर शस्त्रांसाठी मात्र ‘सबळ कारण आहे असे समाधान झाल्यास’ ही अट आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या बंदुकीबाबत कायद्याचा कल देण्याकडे आहे. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता आदेश काढण्याची मुभाही इथेच आहे.

चौदावे कलम नकाराचे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येणार नाही, असे ते स्पष्ट सांगते. गरिबाच्या बाजूने लिहिलेले हे वाक्य फार थोड्यांना ठाऊक आहे. नकाराची कारणे लेखी नोंदवायची आणि मागितल्यास अर्जदाराला थोडक्यात द्यायची, हेही तिथेच आहे.

आता दोष. याच कलमात प्राधिकाऱ्याला अर्जदार ‘कोणत्याही कारणास्तव’ अयोग्य वाटला तरी नकार देता येतो. या दोन शब्दांत आधीची सारी शिस्त बुडते. कारणे द्यायची, पण ती देणे लोकहिताचे नसेल तर नाही, ही दुसरी पळवाट. १८७८ चा कायदा माणसाचा वर्ण पाहत होता. १९५९ च्या कायद्याने तो भेद पुसला, पण साहेबाच्या समाधानाची खुर्ची जागची हलवली नाही.

निवडणूक आणि भात

संहिता आणि व्यवहार यांतले अंतर निवडणुकीत सर्वाधिक दिसते. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. कोकणात भात पिकण्या-कापण्याचे दिवस हेच, आणि रानडुकरांचे कळप शेतात उतरण्याचेही हेच.

यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये, गोव्यातून आलेल्या प्रकरणात, सरसकट जमा करण्याच्या पद्धतीला आक्षेप घेतला आहे. प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार व्हावा, असे न्यायालयाचे म्हणणे. निवडणूक आयोगाच्या सूचनांतही जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीची तरतूद आहे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत सापडलेले, अशांवर तिने लक्ष ठेवायचे आहे. भाताच्या राखणीला बसणारा सत्तरीतला शेतकरी या यादीत कुठे बसतो? पण हे त्याला सांगायचे कोणी? नोटिशीला लेखी उत्तर द्यावे, छाननी समितीपुढे आपले म्हणणे मांडावे, हा सल्ला देणारा माणूस तालुक्याच्या गावी सहज भेटत नाही.

अपिलाचेही तेच. अठराव्या कलमाखाली अपील तीस दिवसांत करायचे. सावंतवाडीच्या माणसासाठी विभागीय आयुक्तांचे कार्यालय आहे बेलापूरच्या कोकण भवनात. हक्क कागदावर आणि कागद चारशेहून अधिक किलोमीटर दूर. शिवाय बंदूक हाती असली तरी रानडुकराला मारायचे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. अनेकांच्या बाबतीत ही बंदूक बार काढून कळप पिटाळण्यापुरतीच उरते.

काय हवे

शस्त्रे वाढावीत असे माझे म्हणणे मुळीच नाही. २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षण आणि सुरक्षित साठवणुकीचा आग्रह धरला, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, दोन्ही योग्यच. जो कायदा नागरिकाकडून इतकी शिस्त मागतो, त्याने कार्यालयाकडूनही तेवढीच मागावी, इतकेच. ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द काढावेत. लेखी कारणे न मागता, मराठीत, आदेशासोबतच मिळावीत. जमा करण्याच्या नोटिशीत त्या माणसापुरते कारण असावे, आणि अपील कुठे व किती दिवसांत करायचे हे त्याच कागदाच्या तळाशी छापावे. तालुका विधी सेवा समित्यांनी आचारसंहितेच्या आधीच्या महिन्यात गावोगाव एक दिवस बसावे.

यांतल्या पहिल्या मागणीसाठी संसद लागेल. बाकीच्यांसाठी जिल्हाधिकाऱ्याचे एक परिपत्रक आणि थोडी इच्छा पुरेशी आहे.