मंगळवासी मनात उतरतो तेव्हा

चित्रकथा म्हणजे मुलांच्या करमणुकीचे साधन, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. ‘अ‍ॅब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’ ही अमेरिकन चित्रमालिका त्या समजुतीला धक्का देते. डेनिझ कॅम्प यांनी लिहिलेली आणि हाविएर रॉड्रिगेझ या स्पॅनिश चित्रकाराने रेखाटलेली ही मालिका डीसी कॉमिक्सने मार्च २०२५ पासून प्रकाशित केली.

तिचा नायक जुना आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २२५व्या अंकात जोसेफ सॅमॅक्सन आणि ज्यो सर्टा यांनी हा हिरवा मंगळवासी प्रथम वाचकांसमोर आणला. प्राध्यापक एर्डेल यांच्या यंत्राने तो अनवधानाने पृथ्वीवर ओढला जातो. प्राध्यापकांचा तिथेच मृत्यू होतो आणि परतीची वाट बंद झालेला हा निर्वासित जॉन जोन्स नावाचा डिटेक्टिव्ह बनून माणसांत राहू लागतो. रूप पालटणे आणि मन वाचणे ही त्याची सामर्थ्ये. अग्नी हे त्याचे मर्मस्थान.

कॅम्प यांनी ही मांडणी उलटी केली आहे. इथे जॉन जोन्स हा हाडामांसाचा माणूस आहे, एफबीआयचा अधिकारी. एका आत्मघातकी बॉम्बस्फोटातून तो वाचतो आणि त्यानंतर मंगळवासी त्याच्या मनात प्रकट होतो. परका आता आकाशातून येत नाही, अंतःकरणात वस्तीला येतो. माणसांच्या निराशेला चिथावणी देणारा श्वेत मंगळवासी हा त्याचा प्रतिपक्ष.

या कल्पनेला देह दिला तो रॉड्रिगेझ यांच्या रंगांनी. त्यांनी पूर्वी अनेक वर्षे इतरांच्या चित्रांना रंग भरण्याचे काम केले; त्यामुळे रंग ही त्यांची भाषाच आहे. जॉनला माणसांचे विचार रंगीत धुरासारखे दिसू लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या मस्तकातून भीती, लोभ, शोक यांची वलये उठतात, चौकटींच्या कडा ओलांडतात, एकमेकांत मिसळतात. एरवी चित्रकथेत मनातले विचार ढगासारख्या फुग्यात लिहून दाखवतात. इथे ते वाचावे लागत नाहीत, दिसतात. म्हणून हा केवळ दृश्यचमत्कार नाही. आशयच रंगांतून बोलतो.

मालिकेचा खरा प्रश्न मात्र जॉनच्या घरात आहे. परक्या माणसांचे दुःख त्याला धुरासारखे दिसते, पण पत्नी ब्रिजेट आणि मुलगा टायलर यांच्यापासून तो दुरावलेला आहे. दुसऱ्याचे मन कळणे म्हणजे त्याच्यावर प्रेम करणे नव्हे, हे लेखकाने प्रवचन न करता दाखविले आहे. ज्ञान हे सामर्थ्य असेल; जवळीक ही मात्र साधना आहे. कुटुंबात राहणाऱ्या कोणाला हे सांगावे लागू नये, आणि तरीही ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. हिंसेचे मूळ श्वेत मंगळवाशाच्या कुजबुजीत शोधले, तर माणसाच्या उत्तरदायित्वाचे काय? मोह आणि संमती यांत भेद आहे. कुजबुज बाहेरून येते, होकार मात्र आपला असतो. ही सीमारेषा कथेत काही वेळा धूसर होते. शिवाय हिंसेची दृश्ये उग्र आहेत. ही चित्रकथा आहे एवढ्यावरून लहान मुलांच्या हाती ती देऊ नये.

तरीही प्रौढ वाचकांनी आणि जाणत्या तरुणांनी ती अवश्य पाहावी. अतिमानवी नायक सामान्यतः आपल्याला स्वतःच्या दुबळेपणाची भरपाई म्हणून आवडतात: तो उडतो, आपण उडत नाही. हा मंगळवासी ती भरपाई देत नाही. तो डोळे देतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहण्याचे काम आपल्यावरच सोपवतो. सत्तर वर्षे जुन्या कल्पनेला आजच्या काळात याहून सार्थ नवे रूप मिळणे अवघड होते.