पुढे ढकललेला मजकूर

पुण्यात पूर्वी वाद सौम्य होत असत, असे म्हणणाऱ्यांनी आगरकरांना आठवावे. 'केसरी' सोडून त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. त्यांच्या मतांपायी याच शहराने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरीही १८९१ च्या संमतिवयाच्या वादात उत्तर मागायचे ते कोणाकडे, हे वाचकाला ठाऊक होते.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा राजकीय मजकूर मी वाङ्मय म्हणूनच वाचतो. भाषा ठसकेबाज, पण लेखकाचा पत्ता नाही! गेल्या दिवाळीत अशाच एका मजकुरावरून धाकट्या भावाशी माझे वाजले.

"हे तू लिहिलेस?"

"मी कशाला लिहू, दादा? आले, पुढे पाठवले."

आता भांडावे कोणाशी?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरली आणि भिक्षेसाठी आलेल्या डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. ठीक, पण पाच ठिकाणी पाठवणाऱ्यालाही सही करावी लागत नाहीच.

यंदा भाऊ फराळाला यायचा आहे. त्याला कळवले आहे, की स्वतःच्या मताच्या चार ओळी लिहून आण. शुद्धलेखन मी तपासणार नाही.