तंबू की खोली?

कास, कोयना, चांदोली परिसरातील निसर्गशिबिरांच्या पत्रकांत तंबू, खोल्या, शेकोटी व जेवण यांची माहिती बहुधा असते. ज्या जमिनीवर मुलांनी झोपायचे, तिच्याविषयी मात्र अक्षरही नसते. आमचा आक्षेप येथेच आहे.

ही जमीन ज्वालामुखीची आहे. येथे शंकूसारखा डोंगर दिसत नाही, कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा मुख्यत्वे भेगांतून वाहिला आणि बेसॉल्टचे थरावर थर साचले. कासच्या पठारावर त्याच बेसॉल्टची झीज होऊन जांभा बनला. त्यावर माती जेमतेम काही सेंटिमीटर. दवबिंदू, सीतेची आसवे या वनस्पती अशा निकस मातीत नत्राची उणीव कीटक खाऊन भरून काढतात.

म्हणून ‘तंबूने निसर्गाला धक्का लागत नाही’ ही समजूत पठारावर टिकत नाही. खुंट्या, पाण्यासाठी खणलेले चर आणि शेकोटी यांनी हा पातळ थर उखडतो. तो पुन्हा तयार व्हायला शतके लागतात. २०१२ साली कास, कोयना व चांदोली जागतिक वारसा यादीत आले ते अशाच ठेव्यामुळे.

तेव्हा मुक्काम गावातील पक्क्या खोलीत किंवा शाळेत करावा. पठारावर दिवसा, पायवाटेनेच जावे. घाटरस्त्याच्या कापात मुलांना थर मोजू द्यावेत. दोन थरांमध्ये तांबडा पट्टा सापडला, तर दोन उद्रेकांमधील विसाव्याचा पुरावाच हाती येतो. पत्रकात खोलीच्या दराशेजारी खडकाचे नावही छापावे, एवढीच आमची अपेक्षा.