दुसरा प्रयोग कुठे आहे?

ऑगस्ट लागला की पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पोरे घसा फोडून ‘अरे, आवाज कुणाचा’ असे विचारू लागतात. ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ने 1963 साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा हा माहौल. महिना-दोन महिन्यांची तालीम तासाभराच्या आत पणाला लागते. पडदा पडतो, एकाचे नेपथ्य विंगेतून बाहेर जाते, दुसऱ्याचे आत येते. प्राथमिक फेरीत अडकलेल्या बहुतेक एकांकिकांचा पहिला प्रयोग हाच शेवटचा ठरतो.

महाविद्यालयीन कलेची आजची अवस्था या एका दृश्यात सापडते. उत्साहाला तोटा नाही. तोटा आहे तो दुसऱ्या प्रयोगाचा.

स्पर्धेचे ऋण नाकारता येत नाही. ‘ऑल द बेस्ट’ व्यावसायिक रंगभूमीवर येण्याआधी महाविद्यालयीन एकांकिका होती. प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ही स्पर्धांतून गाजली आणि मग ‘संगीत देवबाभळी’ झाली. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला पहिला रंगमंच मिळतो, तोही अनेकदा विद्यापीठाच्या युवक महोत्सवातच.

पण नियमावली कलेला गुपचूप वळण लावते. पुरुषोत्तमचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर, म्हणून तिथे संहिता घासूनपुसून येते. फिरोदिया करंडक या दुसऱ्या महाविद्यालयीन स्पर्धेत एकाच सादरीकरणात गाणे, नाच, चित्र असे बरेच काही गुंफायचे असते, म्हणून तिथे कथेपेक्षा जुळणीची कसरत दिसते. युवक महोत्सवात तर घड्याळच दिग्दर्शक. एकांकिकेला तीस मिनिटे, प्रहसनाला दहा, लोकनृत्याला दहा. सर्वाधिक फटका लोककलेला बसतो. गोंधळ हे रात्र जागवणारे विधिनाट्य. आधी देवदेवतांना गोंधळाला बोलवायचे, मग आख्यान, आणि त्या ओघात संबळ हळूहळू तापत जाणार. महोत्सवात तो पहिल्याच मिनिटाला टिपेला पोहोचतो, कारण परीक्षकांचे लक्ष लगेच वेधायचे असते. कवड्यांच्या माळा उरतात, देवीची वाट पाहणे निघून जाते. वेष तोच आणि वेग भलताच, असा हा गोंधळ दरवर्षी बक्षिसे घेतो.

2022 साली परीक्षकांनी एकाही संघाला पुरुषोत्तम करंडक न देण्याचा निर्णय घेतला. गदारोळ उडाला. निर्णय बरोबर की चूक यावर हिरिरीने बोलले गेले, त्या एकांकिकांमध्ये नेमके काय होते आणि काय राहून गेले, यावर मात्र फारच थोडे. बोलणार तरी कोण? त्या पाहिलेल्यांत मोठा भरणा आपापल्या संघासाठी ओरडणाऱ्यांचा. निकाल होता, समीक्षा नव्हती.

करंडकाविना काम चालते ते विद्यापीठांच्या नाट्यविभागांत. पुण्याचे ललित कला केंद्र, छत्रपती संभाजीनगरचा नाट्यविभाग, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी इथे चुकायला आणि पुन्हा बसवायला सवड असते. मात्र 2 फेब्रुवारी 2024 रोजी ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा प्रयोग बंद पाडला गेला आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. नाटक न पटणे हा प्रेक्षकाचा हक्कच आहे. पण न पटलेल्या नाटकाशी वाद घालायची सवय परिसरात रुजलेली नसली, की मतभेद पोलीस ठाण्यात जातो.

विद्यार्थी विकास मंडळांनी आणखी एक करंडक काढू नये. जिंकलेल्या दोन आणि हरलेल्या दोन एकांकिका आपल्याच संलग्न महाविद्यालयांत फिरवाव्यात. गुण नकोत, घंटा नको. प्रयोगानंतर तासभर पोरांना भांडू द्यावे आणि त्यातल्या एकाने ते भांडण महाविद्यालयाच्या नियतकालिकात लिहून काढावे. गोंधळाला एक अख्खी रात्र द्यावी.

‘आवाज कुणाचा’ याचे उत्तर अंतिम फेरीच्या रात्री मिळते. तो आवाज काय म्हणत होता, हे कळायला मात्र अनोळखी गावातला, कुठल्याच संघाचा नसलेला प्रेक्षक लागतो.