टोके मोजण्यापूर्वी

संभाव्यतेच्या पाठात वृक्षाकृती हमखास येते. दर टप्प्याला फांद्या काढायच्या, शेवटची टोके मोजायची आणि 'अनुकूल टोके भागिले एकूण टोके' असे उत्तर लिहायचे. या सोप्या रीतीत एक अट दडलेली आहे आणि ती सांगायचे बहुधा राहून जाते, असे आम्हांला वाटते. ही अट नजरेआड झाल्याने द'आलांबेर यांच्यासारखा थोर फ्रेंच गणितज्ञही फसला होता.

फ्रेंच विश्वकोशाच्या चौथ्या खंडात (१७५४) त्यांनी छापा-काट्यावरील नोंदीत एक प्रश्न घेतला. नाणे दोनदा टाकायचे. निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? प्रचलित उत्तर होते ३/४. त्यांना ते पटेना. पहिल्याच फेकीत छापा पडला की डाव संपतो, दुसरी फेक होतच नाही. म्हणजे शक्यता तीनच : छापा, काटा-छापा, काटा-काटा. त्यांपैकी दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३.

हा युक्तिवाद फळ्यावर वृक्षाकृतीने मांडून पाहावा. आकृती अगदी बरोबर येते. टोके खरोखरच तीन आहेत. चूक होते ती तिन्ही टोके सारखीच मानण्यात. 'छापा' हे टोक एकाच फेकीनंतर येते, त्याचा वाटा १/२. उरलेली दोन टोके दोन फेकींनंतर येतात, म्हणून प्रत्येकाचा वाटा १/२ × १/२ = १/४. अनुकूल टोकांची बेरीज १/२ + १/४ = ३/४. याच आशयाचा जिनिव्हाच्या एका प्राध्यापकांचा आक्षेप द'आलांबेर यांनी पुढे सातव्या खंडात (१७५७) स्वतःच छापला.

आपल्या वर्गातही हेच घडते. पिशवीत तीन लाल व एक पांढरी गोटी असते. विद्यार्थी 'लाल' आणि 'पांढरी' अशा दोन फांद्या काढतो आणि लाल गोटीची संभाव्यता १/२ लिहितो. फांदीवर ३/४ आणि १/४ हे अपूर्णांक लिहिण्याची सवय पहिल्या तासापासून लावली, तर ही चूक टळेल. टोके नुसती मोजून भागते ते सर्व टोके समसंभाव्य असतील तेव्हाच.

द'आलांबेर यांच्या उत्तराची परीक्षा वर्गात सहज घेता येते. चाळीस विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा डाव खेळावेत. छापा पडताच डाव थांबवावा. एकूण ४०० डावांपैकी छापा सुमारे २६७ डावांत आला की सुमारे ३०० डावांत, हे त्यांनीच मोजावे. त्यानंतर 'ही तीन टोके समसंभाव्य आहेत का?' हा प्रश्न विचारावा आणि पुढे प्रत्येक वृक्षाकृतीला तोच प्रश्न आधी विचारायला लावावा.