दावेदार, मजूर आणि पंच : वनहक्कांच्या कायदेशीर मान्यतेची एक चिकित्सा

महाराष्ट्रातील वननिवासी समाजाच्या जीवनाशी निगडित असलेल्या दोन कायद्यांच्या शीर्षकांत 'मान्यता' हा शब्द आहे. एक, महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१. दुसरा, अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. मान्यता आणि देणगी यांत मूलभूत फरक आहे. जे आधीपासून अस्तित्वात आहे त्यालाच मान्यता देता येते. म्हणूनच मान्यतेच्या कोणत्याही कायद्याची परीक्षा एकाच प्रश्नाने करता येते : 'हे आधीपासून होते' असे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? १९७१ च्या कायद्यात तो औद्योगिक न्यायालयाचा आहे. आधीच्या सहा महिन्यांत किमान तीस टक्के कामगार आपले सदस्य होते हे संघटनेने न्यायालयासमोर सिद्ध करावयाचे असते; मालकाला म्हणणे मांडता येते, पण निकालपत्रावर त्याची सही नसते. २००६ च्या कायद्यात मात्र निवाडा करणाऱ्या समितीत ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो विभागच सदस्य म्हणून बसतो. या विसंगतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीतील दिरंगाईबद्दल विपुल लिहिले गेले आहे. येथे दोष अंमलबजावणीचा नसून रचनेचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

आधी मजूर, मग दावेदार

वननिवासी माणूस संघटित लढ्यात प्रथम उतरला तो जमिनीचा दावेदार म्हणून नव्हे, तर मजूर म्हणून, हे विसरता कामा नये. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू परिसरात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांचा लढा उभारला. वेठबिगारी व लग्नगडी पद्धत बंद करणे आणि पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मिळवणे या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. पुढच्याच वर्षी जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला आणि लाकूडव्यापाऱ्यांच्या संघटनेला किसान सभेशी समझोता करावा लागला. ज्या जंगलात वारली पिढ्यान्‌पिढ्या राहत होता त्याच जंगलात तो कूपतोडीचा मजूर झालेला होता, आणि त्याचे पहिले कायदेशीर भांडण मजुरीच्या दरावरून झाले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू झाल्या, त्यामागेही ठेकेदाराला बाजूला सारण्याचाच विचार होता. जमिनीच्या हक्काला त्यांनी हात घातला नाही.

१९७८ नंतर ठाणे जिल्ह्यात (आजचा पालघर जिल्हा) कष्टकरी संघटनेसारख्या संघटना उभ्या राहिल्या तेव्हा मजुरी आणि जमीन हे दोन्ही प्रश्न एकाच मोर्चात आले. प्रशासनाने मात्र त्यांची फाइल वेगळी ठेवली. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने १८ सप्टेंबर १९९० रोजी एकाच दिवशी सहा परिपत्रके काढली. त्यांतील काही वनजमिनीवरील अतिक्रमणे व विवादित दावे यांविषयी होती, तर एक वनकामांतील मध्यस्थ दूर करून मजुरांना रास्त मजुरी देण्याविषयी होते. एकाच माणसाच्या दोन दुःखांवर एकाच दिवशी दोन स्वतंत्र कागद निघाले. पुढील सर्व न्यायनिर्णय या दोन कागदांच्या दोन वाटांनीच चालत गेले.

हजेरीपत्रक आणि दंडाची पावती

मजुराच्या वाटेवरील महत्त्वाचा टप्पा म्हणजे पुण्यातील पाचगाव-पर्वती येथील वनीकरणाच्या कामावरील मजुरांचे प्रकरण. वनविभागाचा बचाव असा की, वनसंवर्धन हे शासनाचे सार्वभौम कार्य असल्याने तो 'उद्योग' ठरत नाही आणि कामगार कायदा त्याला लागू होत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव अमान्य केला. जे काम खाजगी संस्थाही करू शकते ते सार्वभौम कसे, असा त्या निकालाचा साधा तर्क होता. वर्षानुवर्षे मजुरांना रोजंदारीवर ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही १९७१ च्या कायद्याखालील अनुचित कामगार प्रथा ठरली. टेकडीवर झाडे लावणाऱ्या माणसाला न्याय मिळाला तो 'वनवासी' म्हणून नव्हे, कामगार म्हणून. (तो वननिवासी होता की नव्हता, हा प्रश्न त्या खटल्यात उद्‌भवलाच नाही, कामगार कायद्याची हीच उदारता आणि हीच मर्यादा.)

पण कायमपण मिळवायचे तर दिवस मोजावे लागतात. कामगार कायद्याच्या व्यवहारात वर्षाला २४० दिवसांचे काम ही कळीची संख्या आहे, आणि ते दिवस ज्या हजेरीपत्रकात असतात ते वनपालाच्या कपाटात असते. २००२ मध्ये कर्नाटकातील एका वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुराची असून त्याचे केवळ स्वतःचे शपथपत्र पुरेसे नाही. वेतनाची पावती किंवा नेमणुकीचा कागद हवा. ज्याला नेमणुकीचा कागद कधी दिलाच गेला नाही त्याने तो सादर करावा, ही अपेक्षा कागदाच्या जगातील माणसालाच सुचू शकते. नोव्हेंबर २००५ मधील निकालाने हा ताठरपणा काहीसा कमी केला. मजुराने साक्ष द्यावी, मालकाकडील हजेरीपत्रक मागवावे आणि ते मालकाने दडविल्यास परिस्थिती पाहून न्यायालयाने प्रतिकूल अनुमान काढावे, अशी वाट त्याने मोकळी ठेवली. तरीही मुख्य ओझे मजुराच्याच खांद्यावर राहिले.

दावेदाराच्या वाटेवर पुराव्याची कथा निराळी आणि काहीशी विलक्षण आहे. महाराष्ट्र शासनाने १९७८ व १९७९ च्या निर्णयांनी वनजमिनीवरील जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. जमीन कसत असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता? तर वनविभागाने केलेल्या दंडाची पावती किंवा गुन्ह्याची नोंद. ज्याला वनरक्षकाने पकडले, त्याच्याकडे हक्काचा दाखला आला. ज्याला पकडले नाही, किंवा ज्याच्याकडून कोंबडी-धान्य घेऊन पावती फाडलीच नाही, तो पुराव्याविना राहिला. प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कागदपत्रांखेरीज अन्य पुराव्याचाही विचार करण्याचा मार्ग खुला केला आणि १० ऑक्टोबर २००२ च्या शासननिर्णयाने गावपातळीवरील पडताळणीला स्थान दिले. २००८ च्या वनहक्क नियमांतील तेरावा नियम या अनुभवाचे फळ म्हणावे लागेल. घर, बांध, सपाटीकरण, विहीर, दफनभूमी, देवस्थान अशा खुणा आणि दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले कथन, हे सर्व त्यात पुरावा म्हणून गणले गेले. २०१२ च्या सुधारणेने तर विशिष्ट कागदाचा आग्रह धरू नये असेच बजावले. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये केवळ उपग्रह-प्रतिमांच्या आधारे दावे फेटाळण्यास आक्षेप घेतला.

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. गावातील म्हातारा 'ही जमीन याचा बाप कसत होता' असे सांगतो तेव्हा ते वनहक्क कायद्यात पुरावा ठरते. तोच म्हातारा 'मी या रोपवाटिकेत बारा वर्षे पाणी घातले' असे सांगतो तेव्हा कामगार न्यायालयात ते अपुरे ठरते. पुराव्याच्या बाबतीत २००६ चा कायदा निःसंशय पुढारलेला आहे. पण न्याय पुराव्याने जितका ठरतो तितकाच तो पुरावा कोणासमोर ठेवला जातो यावरही ठरतो.

पंच कोण?

वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. पुढे उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समिती आणि जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती येते. तिचा निर्णय अंतिम व बंधनकारक असतो. दोन्ही समित्यांत महसूल व आदिवासी विकास विभागांचे अधिकारी, पंचायत राज संस्थांचे तीन सदस्य आणि वनविभागाचा अधिकारी असतो. जमीन ज्याच्या नोंदीत आहे, नकाशे व प्रतिमा ज्याच्या संगणकात आहेत, दावेदारावर पूर्वी गुन्हे ज्याने नोंदविले आहेत, तोच येथे निवाड्याचा भागीदार आहे. तो अल्पमतात आहे हे खरे. परंतु ज्या सभेत एकाच सदस्याच्या हाती नकाशा असतो तेथे मतांची मोजणी फारशी महत्त्वाची राहत नाही.

विशेष खेदाची बाब अशी की, या बाबतीत वसाहतकालीन कायदा काकणभर अधिक सावध होता. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या चौथ्या कलमानुसार राखीव वनावरील हक्कांची चौकशी करणारा वनजमाबंदी अधिकारी सामान्यतः अन्य वनपद धारण करणारा नसावा. त्या चौकशांनी आदिवासींना किती हक्क मिळाले हा इतिहास सर्वश्रुत आहे, आणि तो गौरवास्पद नाही. तथापि, वनखात्याच्या माणसाने वनखात्याविरुद्धच्या दाव्याचा निर्णय करू नये हे तत्त्व ब्रिटिशांनी निदान कागदावर मान्य केले होते. ऐतिहासिक अन्यायाच्या निवारणाची भाषा करणाऱ्या कायद्याने ते सोडून दिले.

यावर असा प्रतिवाद केला जाईल की, वनअधिकाऱ्याच्या तांत्रिक माहितीशिवाय समितीला निर्णय घेता येणार नाही. तो मान्य, पण मग त्याने साक्षीदार म्हणून यावे, सदस्य म्हणून नव्हे. पाचगाव-पर्वतीच्या खटल्यात वनविभागाने आपली सारी माहिती पक्षकार म्हणूनच मांडली होती. दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे : सामूहिक हक्काच्या दाव्यात ग्रामसभा स्वतःच दावेदार आणि स्वतःच पहिली पंच असते, तेव्हा पक्षपाताचा आक्षेप तिलाही लागू होतो. हा आक्षेप टाळता येत नाही. मात्र ग्रामसभेचा ठराव वरच्या दोन पायऱ्यांवर तपासला जातो. जिल्हा समितीतील वनविभागाचे मत तपासण्याची पायरी मूळ कायद्यात नाही. महाराष्ट्रात राज्यपालांच्या १८ मे २०२० च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रापुरती विभागीय स्तरावर अपिलाची सोय झाली. ही स्वागतार्ह दुरुस्ती आहे. मूळ रचनेत उणीव असल्याची ती कबुलीही आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटविण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित करून दावे कोणत्या पद्धतीने फेटाळले याची माहिती राज्यांकडून मागविली. त्या दोन आठवड्यांत अनेक कुटुंबांचे भवितव्य ज्या नकारांवर टांगले गेले, ते नकार याच समित्यांचे होते.

लवादाची परंपरा कामगार चळवळीला परकी नाही. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी संपाचा शेवट आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाने, पस्तीस टक्के वाढीच्या निवाड्याने झाला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली स्वेच्छा-लवादाचे कलम आले. तो कायदा निरसित करून २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ते राखले आहे. (याच संहितेने शासनाच्या सार्वभौम कार्यांशी निगडित कामे 'उद्योगा'च्या व्याख्येतून वगळली आहेत, पाचगाव-पर्वतीचा वाद नव्याने उकरला जाण्याची शक्यता त्यामुळे नाकारता येत नाही. कामगार संघटनांनी याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.) या परंपरेचा गाभा एवढाच की, निवाडा करणारा दोन्ही पक्षांनी निवडलेला असावा किंवा दोहोंपासून अलिप्त असावा.

ग्रामसभा मालक होते तेव्हा

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज असूनही त्याच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा यावर वाद चालला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती दिले, तेव्हा तो सुटला. मंत्र्याने गावी येऊन पुस्तक द्यावे लागले, यातच त्या काळी कायद्याचे वजन किती होते ते दिसते. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. १९४६ मध्ये लाकूडव्यापाऱ्याकडे मजुरी मागणाऱ्यांचे वारस आज व्यापाऱ्याशी करार करतात आणि बांबू तोडणाऱ्या आपल्याच माणसांना मजुरी देतात. मजूर आणि हक्कदार ही कायद्याने वेगळी केलेली दोन माणसे येथे पुन्हा एक झाली आहेत. मजुरीवरून गावातच मतभेद झाला तर कामगार न्यायालय की ग्रामसभा, हा प्रश्न अद्याप कोणी नीट हाताळलेला दिसत नाही.

व्यापाऱ्याने रक्कम थकविली तर मात्र उत्तर तुलनेने स्पष्ट आहे. करारात लवादाची तरतूद असेल, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतरच्या लवाद कायद्यानुसार एका पक्षाचा नोकर लवाद म्हणून बसू शकत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तर सार्वजनिक-खाजगी करारांत शासकीय पक्षाने एकतर्फी लवाद नेमणे हे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविले. तो वाद रेल्वेच्या कंत्राटाचा होता. वनहक्क समित्या म्हणजे लवाद नव्हेत, त्या वैधानिक समित्या आहेत; त्यामुळे हा निकाल त्यांना थेट लागू होणार नाही. तरीही आजची स्थिती अशी आहे की, तेंदूपत्त्याच्या पैशासाठी भांडताना ग्रामसभेला त्रयस्थ पंच मागता येतो, आणि ज्या जंगलात तो तेंदू वाढतो त्या जंगलाच्या हक्कासाठी भांडताना तिला उपवनसंरक्षकाच्या सहीची वाट पाहावी लागते.