पेंडसे यांची कादंबरी : प्रदेश, निवेदन आणि सर्जनशीलतेचा प्रश्न

श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने 'प्रादेशिक' या संज्ञेच्या आधारे केला आहे. संज्ञा गैरलागू नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, मुर्डी येथे 1913 साली जन्मलेल्या या लेखकाने उत्तर कोकणातील खेडी, खोतवाडे, आगरे आणि माणसे कादंबरीत आणली, हे निर्विवाद आहे. तथापि या संज्ञेमुळे लेखनाचे श्रेय नकळत भूमीकडे जाते. कोकण समृद्ध आहे म्हणून पेंडसे यांची कादंबरी समृद्ध आहे, असे समीकरण तयार होते आणि लेखकाच्या कारागिरीचा प्रश्न बाजूला पडतो. 'एल्गार' (1949) ते 'तुंबाडचे खोत' (1987) या जवळजवळ चार दशकांत एका लहानशा भूप्रदेशाकडे वारंवार वळणारा लेखक पुनरुक्तीच्या धोक्याला कसा सामोरा गेला, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा पेंडसे यांच्या आयुष्यातच सापडतो. ते लहानपणीच मुंबईस आले आणि त्यांची नोकरीची वर्षे 'बेस्ट'मध्ये गेली. म्हणजे ज्या कोकणाविषयी त्यांनी लिहिले ते त्यांच्या रोजच्या व्यवहाराचे कोकण नव्हते, स्मरणातले होते. स्मरण निवड करते. रोज डोळ्यांसमोर असणारा तपशील लेखकावर आदळत राहतो, तर आठवणीत टिकलेला तपशील आधीच अर्थाने भारलेला असतो. शिवाय हे जग ऐतिहासिकदृष्ट्याही संपत होते. खोती रद्द करणारा मुंबई प्रांताचा कायदा 1949 चा आणि 'एल्गार'ही त्याच वर्षीची. हा योगायोग असला, तरी संपलेल्या व्यवस्थेचा आदि-अंत एकत्र दिसू लागतो आणि कादंबरीकाराला तिचे कथानक रचता येते, एवढे त्यातून निश्चित सुचते.

मात्र अंतरामुळे सामग्री मिळते, रूप मिळत नाही. 'हद्दपार' (1950) आणि 'गारंबीचा बापू' (1952) यांत पेंडसे यांचे सामर्थ्य नाट्यात्म प्रसंगांत आहे. बापूचे बंड निवेदक समजावून सांगत नाही. गावाच्या चार तोंडांतून निघणाऱ्या बोलांत, राधेशी होणाऱ्या तुटक संवादांत ते उभे राहते. या कादंबऱ्यांची नाट्यरूपांतरे यशस्वी झाली, याचे एक कारण त्यांच्या घडणीतच आहे. पण हेच सामर्थ्य सापळाही ठरू शकते. मनस्वी नायक, त्याच्याभोवती कुजबुजणारे गाव आणि चढत्या क्रमाने होणारा संघर्ष हा साचा हाताशी आला की लेखणी त्याच वाटेने धावू लागते. 'रथचक्र'ला (1962) साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मुलांच्या शिक्षणाचा ध्यास घेणारी स्त्री तिथे केंद्रस्थानी आली. तरी एकाकी इच्छाशक्ती विरुद्ध परिस्थिती ही मूळ रचना पूर्वीचीच राहिली.

यानंतरचे वळण समीक्षेने पुरेसे तपासलेले नाही. यशस्वी लेखकाला वाचक जे मागत होता ते न देता पेंडसे यांनी 'लव्हाळी' (1966) लिहिली. स्थळ मुंबईतील चाळ, काळ दुसऱ्या महायुद्धाचा आणि रूप रोजनिशीचे. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचे काही ठाऊक नसते. त्याला स्वतःच्या बुद्धीच्या कुवतीपलीकडे काही म्हणता येत नाही आणि जगाची उलथापालथ त्याच्यापर्यंत पोचते ती भाडे, धान्य, नोकरी यांच्याच मापाने. नाट्यपूर्ण उत्कर्षबिंदूची सवय असलेल्या लेखकाने स्वतःवर घालून घेतलेले हे बंधन होते. 'ऑक्टोपस'मध्ये (1972) त्यांनी पत्रांचे रूप स्वीकारले आणि जुळवणी करणारा निवेदकच दूर केला. या दोन कादंबऱ्यांना 'प्रदेशाबाहेरचे प्रयोग' म्हणून वेगळे काढण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्यांच्यावाचून 'तुंबाडचे खोत'ची उकल नीट होत नाही.

जगबुडीच्या काठावरील एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ही द्विखंडात्मक कादंबरी. विषय पाहता लेखक पूर्वीच्याच भूमीवर परतला आहे. दृष्टी मात्र तीच राहिलेली नाही. येथे एकच नायक नाही. प्रत्येक पिढीला तिच्याच काळापुरते कळते आणि एका पिढीचा पराक्रम पुढच्या पिढीवर ओझे होऊन बसतो. पात्राच्या जाणिवेला मर्यादा घालण्याची जी शिस्त रोजनिशीने शिकवली, ती येथे काळाच्या विस्तीर्ण पटावर उपयोगी पडली, असे म्हणता येते. विस्तारामुळे काही ठिकाणी घटनांची दाटी होते आणि योगायोगांवरचा भारही जाणवतो. तरीही एकाच मातीतून दुसऱ्यांदा पीक काढताना नांगरट बदलावी लागते, याची साक्ष या कादंबरीत मिळते.

याच निकषाने पेंडसे यांची मर्यादाही स्पष्ट होते. कादंबरीच्या केंद्रस्थानी घराणे राहते ते खोतांचे. खोतीविरुद्ध 1933 मध्ये कुलाबा जिल्ह्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो वर्षानुवर्षे चालवला. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. या इतिहासातील कुळाची नजर पेंडसे यांच्या निवेदनाचे अधिष्ठान झाली नाही. वाड्याचा ऱ्हास ही वाड्याची शोकांतिका होती. कुळाच्या दृष्टीने तीच घटना सुटकेची असू शकते. रोजनिशी, पत्रे, पिढ्यांची बखर अशी रूपे बदलूनही वाड्याच्या ओटीवरून अंगणात उतरून पाहणे घडले नाही.

ही उणीव दाखवताना पेंडसे यांचे कर्तृत्व कमी लेखण्याचे कारण नाही. विषय संपला अशी तक्रार करणाऱ्या लेखकाचा बहुधा विषय संपलेला नसतो, पाहण्याची जागा गोठलेली असते, हे त्यांच्या लेखनप्रवासातून दिसते. त्यांनी ती जागा अनेकदा, यश पणाला लावून, बदलली. जी बदलायची राहिली, ती रत्नागिरीतून पुढे लिहू पाहणाऱ्या कादंबरीकारासाठी मोकळी आहे. आंबा, समुद्र आणि मोडका वाडा यांच्या वर्णनाने ती भरून निघणार नाही. त्या वाड्याचा खंड कोणी भरला, हे विचारणारा निवेदक त्यासाठी घडवावा लागेल.